कायम

आईचं लग्न ठरत होतं तेव्हा तिच्या थोरल्या भावानं मध्यस्थाला एकच गोष्ट विचारली, "पोरगा कायम झालाय का?" रंग, उंची, शिक्षण, गावाकडं किती गुंठे, कशाची चौकशी नाही. मध्यस्थ म्हणाला, "होणार की. म्युन्सिपालटीत हाय." मामानं मान डोलावली आणि खटाव तालुक्यातली माझी आई दादरला आली.

बाबा तेव्हा बदली कामगार होते. पहाटे पालिकेच्या हजेरीच्या चौकीवर जाऊन उभं राहायचं. कुणा कायम माणसाचा खाडा पडला, तर मुकादम बोट दाखवणार आणि त्या दिवसाची रोजी लागणार. नाही तर आल्या पावली परत. मध्यस्थाचं ते 'होणार की' खरं व्हायला १९८४ साल उजाडलं. तोवर पाच वर्षं आईची सकाळ दाराकडं बघण्यात गेली. सातच्या आत पावलं वाजली की समजायचं, आज काम नाही. "नवरा लवकर घरी आला की बायका खूश होतात म्हणे," ती अजून सांगते, "माझ्या पोटात गोळा यायचा."

त्यामुळं शाळेत व्याकरणाच्या बाईंनी 'कायम' हे विशेषण की क्रियाविशेषण असं विचारलं, तेव्हा मला दोन्ही पटलं नव्हतं. आमच्या वसाहतीत ते नाम होतं. "त्यांच्याकडं दोन कायम आहेत" म्हणजे त्या घरात दोन माणसं पालिकेत पक्की लागलेली आहेत. अशा घरची मुलगी मागायला जाताना लोक कपडे इस्त्री करून जात.

बाबा मोटर लोडर होते. कचऱ्याच्या गाडीबरोबर जायचं, ढीग फावड्यानं टोपलीत भरायचा, टोपली वर द्यायची, वरचा माणूस ती रिकामी करून खाली फेकायचा. कॉम्पॅक्टर नंतर आले. आधी उघड्या लॉऱ्या होत्या आणि वर उभा राहणारा माणूस कमरेएवढ्या कचऱ्यात उभा असायचा. त्यांचा भाग फूलबाजाराकडचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सेनापती बापट मार्गावर झेंडूचा जो चिखल होतो तो ज्यानं पाहिलाय त्यालाच कळेल. बाबा घरी आले की आधी झेंडूचा वास यायचा आणि त्याच्या मागून दुसरा. मला आजही देवाच्या हारातल्या झेंडूमागे तो दुसरा वास येतो. लोकांना हे सांगितलं की ते विषय बदलतात.

सहा डिसेंबरला तर गंमतच. अख्खी वसाहत बाबासाहेबांना मानणारी, चैत्यभूमी चालत जाण्याच्या अंतरावर, आणि त्या दिवशी वसाहतीतली निम्मी माणसं ड्यूटीवर. लाखो लोक शिवाजी पार्कवर येणार म्हणजे कचरा कुणीतरी उचलायला हवाच. बाबा पाच तारखेच्या रात्रीच अभिवादन करून यायचे आणि सहाला खाकी कपड्यात त्याच गर्दीतून गाडीमागं चालायचे. खेड्यातून आलेला एखादा म्हातारा गणवेश बघून त्यांना जयभीम घालायचा. त्याचं त्यांना फार होतं.

युनियन आमच्या घरी पावतीच्या रूपानं यायची. पातळ गुलाबी कागद, वर झेंडा, खाली सही. बाबा चौकीचे प्रतिनिधी झाल्यावर पावतीपुस्तकच घरी राहू लागलं. त्यातला कार्बन पेपर चोरून मी चित्रं उमटवायचे आणि मार खायचे. मला युनियन म्हणजे एक लांबचा, वजनदार नातेवाईक वाटायची. ती दिसत नाही, पण तिचं नाव काढलं की साहेब आवाज खाली आणतो.

ती कुठून आली हे मला फार उशिरा कळलं. मुंबईत साफसफाई करणाऱ्यांना म्युनिसिपालिटीच्या जुन्या कागदांत 'हलालखोर' म्हणत. १८८८ च्या महापालिका कायद्यात त्या नावाचा करच होता. काम नागरी, पण ते करणारी माणसं ठरलेल्या जातींचीच: घाटावरून आणि कोकणातून आलेले आमचे लोक, काठियावाडातून आलेली मेघवाळ कुटुंबं. बाबासाहेबांनी तीसच्या दशकात म्युनिसिपल कामगारांची वेगळी संघटना बांधली ती म्हणूनच. गिरणीच्या कामगाराचं भांडण मालकाशी होतं. इथं मालकाच्या जोडीला जातही होती. पुढं जॉर्ज फर्नांडिस आले आणि म्युनिसिपालिटी, बेस्ट, टॅक्सी यांच्या जोरावर 'बंदसम्राट' झाले. १९६७ साली त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं, ती गोष्ट बाबा आपण स्वतः पाडल्यासारखी सांगत, आणि तेव्हा तर ते गावाकडं गुरं राखत होते. जॉर्ज दिल्लीला गेल्यावर शरद राव. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये राव गेले तेव्हा निवृत्त झालेले बाबा दिवसभर टीव्हीसमोर बसून होते. राव दुसऱ्या युनियनचे की आपल्या, हा फरक त्यांनी त्या दिवशी केला नाही.

द्वारसभेतल्या घोषणा आम्हा पोरांना पाढ्यांसारख्या पाठ. "कोण म्हणतो देणार नाही" असं आई रात्री ताटं मांडताना म्हणायची आणि आम्ही भाऊबहीण भाकरीकडं हात पसरून ओरडायचो, "घेतल्याशिवाय राहणार नाही!"

मागायचं काय, तर फार मोठं काही नसायचं. गमबूट, हातमोजे, रेनकोट पावसाच्या आधी मिळावा (तो पुष्कळदा गणपतीला मिळायचा), चौकीत पाणी, बायकांसाठी आडोसा. पगाराचा करार ही मोठी गोष्ट आणि ती वर्षानुवर्षं चाले. दरवर्षीची खरी लढाई दिवाळीची. कामगार त्याला बोनस म्हणतात, कागदावर तो बोनस नसतो. १९६५ चा बोनस कायदा स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांना लागूच नव्हता. म्हणून कागदावर लिहितात 'सानुग्रह अनुदान', म्हणजे साहेबांनी अनुग्रह केला, प्रसाद दिला. २०२३ साली तो २६ हजार होता, २०२४ ला २९, २०२५ ला ३१ हजार. दरवर्षी तेच नाटक. आधी पालिका म्हणते तिजोरीवर ताण आहे, मग संघटना आंदोलनाचा इशारा देतात, मग मुख्यमंत्र्यांकडं बैठक, मग दिवाळीच्या तोंडावर आकडा जाहीर, आणि फोटोत सगळे हसतात. बाबा त्या शब्दावर फार चिडायचे. "अनुग्रह देव करतो," म्हणायचे, "ह्यांच्याकडं आम्ही हिशेब मागतोय."

हे मी ऑफिसात सांगत नाही. मी अंधेरीला एका खाजगी कंपनीत आहे. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र, आणि दर मार्चमध्ये पुन्हा सही करायचा करार. तिथं युनियन हा शब्द काढला की एचआरची मुलगी असं हसते की जणू मी टाइपरायटर मागितला. २०१९ च्या जानेवारीत बेस्टचा संप नऊ दिवस चालला, तेव्हा आमच्या पँट्रीत रोज एकच चर्चा, "कशाला पाहिजेत ह्यांना पगारवाढी? काम काय करतात?" मीही रिक्षाला रोजचे दीडशे घालवत होते, वैताग मलाही आला होता. पण बेस्टचा तोटा ड्रायव्हर-कंडक्टरांनी केला नव्हता, आणि बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा ही त्यांची मागणी तर हिशेबाची होती. मी तसं म्हटलं. एक जण म्हणाला, "तुझ्या घरी कुणी आहे वाटतं पालिकेत?" मी म्हटलं, "आहे." पुढं कुणी काही बोललं नाही. तो काय समजला असेल? क्लार्क, फार तर इंजिनियर.

२०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता. काही राज्यांचा एवढा नसतो. त्या आकड्याखाली उभं राहून गमबुटांची मागणी करायची म्हणजे काय हे पँट्रीतल्या माणसाला कसं सांगायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

माझा भाऊ बी.कॉम. झाला. सेकंड क्लास, पण झाला. बाबा निवृत्तीला आले तेव्हा घरात जे झालं ते मला लिहायला जड जातं, पण ते सोडून बाकी सगळं लिहिण्यात काही अर्थ नाही. सफाई कामगारांच्या जागी त्यांच्या वारसाला घ्यायचं, ही लाड-पागे समितीची शिफारस. पालिकेत त्याला 'पीटी केस' म्हणतात. ही सोय टिकवण्यासाठी युनियननं आयुष्य घातलं आणि बाबांना तिचा अभिमान होता. सोय म्हणजे अशी: वडलांचा झाडू मुलाला. भावानं आधी नाही म्हटलं. आठ दिवस तो बाबांशी बोलला नाही. मग एका रात्री आई म्हणाली, "खोलीचं काय?"

आम्ही राहायचो ती खोली सेवानिवासस्थान. दहा बाय पंधराची. नोकरी आहे तोवर खोली आहे. मुलगा लागला तर खोली राहते, नाही लागला तर तीस वर्षांचा संसार उचलून विरार नाही तर बदलापूर. दादरला विकत किंवा भाड्यानं घेणं हा विचारसुद्धा आमच्या घरात कुणी मोठ्यानं केला नसता. म्हणजे नोकरीची शाश्वती आम्हाला मिळाली होती, आणि त्याच शाश्वतीनं आम्हाला धरूनही ठेवलं होतं. मी मुलगी, शिकलेली, बाहेर नोकरी करणारी, मला कुणी विचारलं नाही. तेव्हा मी त्याबद्दल मनातून आभार मानले. हे कबूल करते.

२०१२ साली भाऊ लागला. बाबांनी त्याला पहिल्या दिवशी चौकीवर नेलं, मुकादमाच्या पाया पडायला लावलं आणि घरी येऊन एकटेच गॅलरीत उभे राहिले. मला वाटलं होतं पेढे आणतील. आणले, पण दुसऱ्या दिवशी.

आणि तो कायम झाला तरी बाबांइतका कायम नाही. ५ मे २००८ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्याच्या पगारातून अंशदान कापलं जातं, ते बाजारात जातं, शेवटी जे येईल ते. पगाराच्या चिठ्ठीवर ती ओळ आली की तो बोटानं झाकून बाबांना चिठ्ठी दाखवायचा, चेष्टा म्हणून. बाबा हसायचे नाहीत. तेही आता नाहीत. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. "वर्षातनं एकदा मी जिती आहे म्हणून लिहून देते," ती शेजारणीला सांगते, "त्याचेच पैसे देतात."

आता त्या ताईबद्दल. हे मी कधीपासून लिहीन म्हणतेय.

बाबांच्याच भागात, त्यांच्या निवृत्तीच्या आधीची सात-आठ वर्षं, ठेकेदाराकडची एक बाई झाडायला असायची. लांब दांड्याचा झाडू, बिनबाह्यांचं फडफडतं जॅकेट, पायात साध्या चपला. आमच्या नळावर पाणी प्यायला यायची, म्हणून आईची ओळख. पगार? त्याला पगार म्हणायचं नाही. ठेकेदार त्याला मानधन म्हणायचा आणि तिला स्वयंसेवक. मुंबईत हे बरंच चाललं: हैदराबाद पॅटर्न, दत्तक वस्ती, योजनांची नावं बदलत गेली. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा वीस माणसांपासून लागू व्हायचा, म्हणून विसाच्या आतले गट पाडायचे. एकाच मालकाकडं वर्षात २४० दिवस भरले तर सलग सेवेचा हक्क सांगता येतो, म्हणून त्याआधीच कागद बदलायचा. रस्ता तोच, झाडू तोच, बाई तीच. तिचा ठेकेदार तीनदा बदलला आणि तिला ते जॅकेटच्या रंगावरून कळलं.

युनियनची भूमिका ठाम होती. प्रत्येक द्वारसभेत घोषणा व्हायची, "ठेकेदारी पद्धत रद्द करा!" बाबा मूठ वळून द्यायचे. एकदा ही ताई झाडू टेकवून लांब उभी राहून सगळं ऐकत होती. सभा मोडल्यावर बाबांजवळ आली. म्हणाली, "भाऊ, एक विचारू का? ठेका बंद म्हंजे आमी बी बंद का?"

बाबांनी घरी येऊन हे आईला सांगितलं, तेव्हा मी पलीकडं परीक्षेचा अभ्यास करत होते. त्यांच्या आवाजात राग होता, पण तो कुणावर ते कळत नव्हतं. पुढच्या बैठकीत त्यांनी हा प्रश्न पुढाऱ्यासमोर मांडला. ठेक्यावरच्यांनाही पावती फाडा, त्यांनाही आत घ्या. पुढारी चांगला माणूस होता, बाबांच्या आजारपणात घरी येऊन गेलेला. तो म्हणाला, "आधी आपला करार होऊ दे. मग बघू." बाबा नंतर म्हणायचे, 'मग बघू' हे कलम प्रत्येक करारात असतं, फक्त छापत नाहीत.

मला त्या युनियनचा राग आहे तो इथं. तिनं जे मिळवलं त्यावर मी वाढले, शिकले. फी भरली गेली ती त्या गुलाबी पावतीच्या जोरावर, हे मी नाकारणार नाही आणि कुणी नाकारलं तर भांडेन. पण तिनं माणसं मोजली ती पावती बघून. ज्यांच्याकडं पावती नाही ते रस्त्यावर दिसत होते, तरी मोजले गेले नाहीत. आणि पालिकेला तेच हवं होतं. कायमच्या माणसाला हात न लावता त्याची जागा फक्त भरायची नाही. तो निवृत्त झाला की तिथं जॅकेट उभं करायचं. संख्या कमी झाली की आवाज आपोआप कमी.

ज्यांनी मोजले ते दुसरेच होते. कचरा वाहतूक श्रमिक संघ ही संघटना मिलिंद रानडे आणि त्यांच्या सोबत्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस थेट ठेक्यावरच्या कामगारांची बांधली. एकेकाचं नाव, हजेरी, गाडीचा नंबर, पुरावा गोळा करत २,७०० कामगारांचा दावा उभा केला. २०१४ ला औद्योगिक न्यायाधिकरणानं निकाल दिला की हे कामगार पालिकेचेच, ठेका फक्त नावाला. पालिका हायकोर्टात गेली, तिथं हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथं एप्रिल २०१७ मध्ये हरली. ती बातमी मी मोबाइलवर बाबांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "आपल्या नळावर यायची ती आहे का त्यात?"

ती नव्हती. ती त्या दाव्यातली नव्हतीच, दुसऱ्या ठेक्याची, नंतरची. हल्ली ती आमच्याच रस्त्यावरच्या एका टॉवरमध्ये हाउसकीपिंगला आहे, अर्थात ठेक्यावर. आईला बाजारात भेटते.

२०२५ मध्ये कचरा उचलण्याचं नि वाहून नेण्याचं बरंचसं काम ठेकेदारांना देण्याची निविदा निघाली, तेव्हा एकमेकींकडं वर्षानुवर्षं न बघणाऱ्या संघटना एकत्र आल्या आणि संपाचा इशारा दिला. भाऊ आझाद मैदानात जाऊन आला. रात्री जेवताना म्हणाला, "सगळे झेंडे होते गं. लाल, निळा, भगवा. घोषणा तीच, ठेकेदारी रद्द करा." मी विचारलं, ठेक्यावरची माणसं आली होती का? तो भात कालवत राहिला. "होती," म्हणाला, "मागच्या बाजूला."

आता वसाहत पाडणार आहेत. आश्रय योजनेत इथं उंच इमारत होईल म्हणतात, मोठ्या खोल्या, लिफ्ट. तोवर दुसरीकडं जायचं. गेल्या रविवारी मी आणि भाऊ आवराआवर करत होतो. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बाबांचा बिल्ला निघाला, एक न वापरलेली हातमोज्यांची जोडी आणि पावत्या. सुतळीनं बांधलेले गठ्ठे, १९८४ पासूनचे, वर्षवार. गुलाबी रंग उडून पिवळा झालेला. कडा उंदरांनी खाल्लेल्या.

भाऊ म्हणाला, हे रद्दीत टाकू, उगाच ओझं. मीही पिशवी उघडली.

आई खाटेवरून उठली, गठ्ठे माझ्या हातातून घेतले आणि स्टीलच्या डब्यात, तिच्या हयातीच्या दाखल्यांच्या प्रतींवर नीट रचून ठेवले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "उद्या कुणी म्हनलं, तुमचा मानूस कायम नव्हता, तर काय दाखवायचं?"